कुलुपातली अक्षरे

मेळाव्याच्या या स्मरणिकेत जुन्या अंकातला एखादा लेख पुन्हा छापावा असे संपादक मंडळात ठरले, आणि मी अक्षरांच्या धंद्यातला म्हणून ते काम माझ्याकडे आले. १९९७ च्या स्मरणिकेची सीडी सापडली, चाललीही. फाईल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची नुसती खिचडी. ग्रंथालयातून छापील प्रत मिळवली, तर तिची शेवटची पाने वाळवीने खाल्लेली. नेमका त्याच पानांवर आमच्या वर्गातल्या मित्राचा चित्रकलेच्या सरांवरचा लेख होता. तो मित्र आता हयात नाही.

हे असे का झाले ते सांगायचे तर छापील अक्षरांचा थोडा इतिहास सांगावा लागेल. त्यात माझाही एक अपराध आहे, तो ओघाने येईलच.

जावजी दादाजी लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाईप घासण्याच्या कामाला होते. तिथे टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टाईपात सुधारणा केल्या होत्या. ते पाहत, हाताळत जावजी शिकले आणि १८६० च्या दशकात त्यांनी स्वतःची फौंड्री काढली. ‘निर्णयसागर’चे खिळे पुढे देशभर गेले. म्हणजे एकाच्या हातातली विद्या दुसऱ्याच्या हातात गेली ती शेजारी बसून. खिळे विकत मिळत, पण ज्या ठशावरून ते पडत तो ठसा फौंड्रीतच राही. त्यात वावगे काही नव्हते. धंदाच तसा होता. शिवाय एक गोष्ट नक्की होती. कागदावर उमटलेले अक्षर कोणालाही वाचता येई.

१९७१ साली बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा ग्रंथ तीन खंडांत निघाला. मुद्रणातल्या माणसाने आपल्या व्यवसायाची माहिती अशी मोकळेपणाने सर्वांपुढे मांडावी, याचे मोल मला फार उशिरा कळले. आमच्या सरांकडे त्या जातीचे काही होते, तर ती त्यांची नमुन्यांची वही. बोरूच्या प्रत्येक वळणाचा क्रम त्यात बाणांनी दाखवलेला. ती वही वर्गात फिरायची, घरीही न्यायला मिळायची. परत येताना तिच्यावर शाईचे डाग असायचे. सर डागाकडे पाहत नसत. आमच्या ‘क्ष’कडे पाहत आणि पोट कुठे फुगले ते लाल पेन्सिलीने दाखवत.

मग डीटीपी आले. खिळे जुळवणारे जुळारी गेले आणि फॉन्ट आले. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, आणि त्यातली जागांची वाटणीही वेगळी. एकीने ‘ळ’ ज्या क्रमांकावर ठेवला, तिथे दुसरीचा अर्धा ‘त’. १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे सरकारी मानक निघाले होते, पण फॉन्टांच्या आतली मांडणी ज्याची त्याच्याकडेच राहिली. वर डोंगल. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या खाचेत ती डबी लावली तरच मराठी उमटायची. डबी हरवली की मराठी गेली!

साहजिकच चोऱ्या सुरू झाल्या. फॉन्ट फ्लॉप्यांवरून गावोगाव फिरले. मीही ते वापरले, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. गंमत अशी की दुसऱ्याचे फॉन्ट फुकट घेणारा मी, स्वतः काढलेल्या शीर्षकाच्या अक्षरांना मात्र घट्ट धरून बसलो होतो. त्या मित्राचा तालुक्याला छापखाना होता. १९९७ ची स्मरणिका त्याने पदरमोड करून छापली. मुखपृष्ठासाठी त्याने माझी अक्षरे मागितली, तेव्हा मी म्हणालो, “विकत घे.” तो हसला आणि हाती होता तो फॉन्ट वापरून मोकळा झाला. पुढे आम्ही भेटत राहिलो, पण त्याने अक्षरांचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याच सुमारास मुंबईत र. कृ. जोशी वेगळ्या वाटेने चालले होते. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले, पवईच्या आयआयटीत शिकवलेले, अक्षरांवर कविता रचणारे हे गृहस्थ. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ त्यांचाच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा ‘रघू’. जुहूच्या एनसीएसटीत विनय सायनेकर यांच्या साथीने केलेला हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली सर्वांना दिला गेला. वापरा, उघडून पाहा, बदला. सरांची वहीच जणू. जोशी २००८ मध्ये गेले.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक दिला आणि खिचडीचा प्रश्न मिटला. उरला वळणांचा. संगणकासोबत येणाऱ्या अनेक फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असत. अर्धचंद्री ‘र’ नीट उमटला नाही तर आचाऱ्यांचे आचार्य होत. लग्नपत्रिकेच्या छापखान्यात हा विनोद नव्हता. २००९ मध्ये राज्य शासनाने मराठी अक्षरांची वळणे शासन निर्णयाने ठरवून दिली. पण निर्णयाने फॉन्ट तयार होत नाही. त्याला अक्षरे काढणारे लागतात, आणि ‘हे चुकले’ असे सांगणारेही.

ते काम मुंबईच्या ‘एक टाईप’ मंडळींनी मनावर घेतले. त्यांचा ‘मुक्ता’ खुल्या परवान्याखाली आला. कामाच्या मूळ फायलीही सर्वांसाठी ठेवलेल्या. या परवान्यात अटी आहेत: नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, आणि बदल केला तर राखीव ठेवलेले नाव त्याला द्यायचे नाही. ‘बालू’ करताना निरनिराळ्या लिपींची अक्षरे निरनिराळ्या हातांनी काढली आणि एका घरात नांदवली. मी पहिल्यांदा त्या फायली उघडल्या तेव्हा रात्रभर नुसता पाहत बसलो. ‘क्ष’चे पोट कुठे आवरले आहे, ते बिंदू मोजून दिसत होते.

ही स्मरणिका ‘मुक्ता’त जुळवली आहे.

राहिला मित्राचा लेख. छापील प्रतीची सुरुवातीची पाने शाबूत होती. एकेक ओळ त्या खिचडीशेजारी ठेवून कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता केला. अकरा संध्याकाळी गेल्या. मग शेवटची पाने वाचता आली. त्यात सरांच्या वहीचा उल्लेख आहे, माझा नाही. तो तक्ता आणि १९९७ साली न दिलेली अक्षरे, दोन्ही शाळेच्या संगणक कक्षात ठेवली आहेत. ज्याला हवी त्याने न्यावीत, चुका दिसल्या तर कळवाव्यात.

एक जोडाक्षर मात्र छापील पानांत कुठेच आले नव्हते, त्यामुळे लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात एका शब्दात चौकोन तसाच आहे. सर त्या मित्राला ज्या नावाने हाक मारत, तो तो शब्द असावा. कोणाला आठवत असेल तर सांगा.