पत्रावळीला इंग्रजीत काय म्हणावे?

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ साली ती पुस्तकरूपाने आली. बेळगावात इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या माझ्या नातीसाठी त्यातले पत्रावळीचे प्रकरण मी इंग्रजीत करायला घेतले आणि शीर्षकाशीच अडलो. ‘प्लेट’ म्हटले की डोळ्यांपुढे चिनी मातीची बशी येते. ‘लीफ प्लेट’मध्ये पान आले, पण पानाला पान चोयीने टाचण्याचे कसब हरवले, आणि गोष्ट तर ते न येणाऱ्या श्यामची! शेवटी ‘पत्रावळ’ हा शब्द तसाच ठेवला, टाचणे पुढच्या वाक्यात सांगितले. नातीने वाचून विचारले, “आजोबा, तुम्हांला येते का लावायला?” भाषांतर पोहोचले म्हणायचे.