मंदक्रोध

शेजारच्या ख्रिस्ती गुरुजींच्या प्रार्थनेत देवाला लावलेले ‘मंदक्रोध’ हे विशेषण वारंवार कानी पडूनही, मी मूढ, त्याचा अर्थ बरीच वर्षे ‘राग विझत आलेला’ असाच करीत होतो. मूळ हिब्रू ‘एरेख अप्पयिम्’चा शब्दार्थ मात्र ‘लांब नाकाचा’, म्हणजे राग यायला वेळ लागणारा; कारण त्या भाषेत ‘अफ्’ म्हणजे नाक आणि क्रोधही (आपल्याकडेही रागाचा मुक्काम नाकाच्या शेंड्यावरच!). बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात या विशेषणापाठोपाठ क्षमेचे अभिवचन आणि शिक्षेची ताकीद अशी दोन्ही येतात. म्हणजे कोप तहकूब आहे, बरखास्त नव्हे, आणि शांतीला वाव मिळतो तो त्या मुदतीत. ग्रीक भाषांतरकारांनी ‘माक्रोथुमॉस’ योजताना लांबी राखली, नाक गाळले. आज ‘मंदक्रोध’ हा शब्द प्रार्थनामंदिराबाहेर क्वचितच भेटतो. बाहेर चालतो तो ‘थंड डोक्याचा’.