पंडिता रमाबाईंचे बायबल-भाषांतर

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे नाव समाजसुधारणेच्या इतिहासात आदराने घेतले जाते. बायबलच्या अभ्यासक म्हणून त्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः त्यांच्या उत्तरायुष्यातील एक प्रमुख कार्य हेच होय.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येस संस्कृत विद्येचा वारसा घरातच लाभला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. पुढे त्या इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि दीक्षेबरोबर त्यांनी आपली विवेकबुद्धी गहाण टाकली नाही. त्र्यैक्याच्या सिद्धान्ताविषयी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, हेही त्यांना मान्य नव्हते. आपल्या देशातील लोकांना जी भाषा कळत नाही ती कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. लॅटिनऐवजी त्यांनी संस्कृतचा आग्रह धरला.

याच प्रश्नाला त्यांनी पुढे अधिक व्यापक उत्तर दिले. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त स्त्रिया व मुली आश्रयास होत्या. त्यांतील बहुतेकींना संस्कृत तर दूरच, ग्रांथिक मराठीही परकीच होती. विल्यम कॅरे यांचा मराठी ‘नवा करार’ १८११ मध्येच श्रीरामपूरहून निघाला होता. परंतु अशा प्रारंभीच्या भाषांतरांत परदेशी मिशनरी हा भाषांतरकार व एतद्देशीय पंडित हा साहाय्यक, अशी विभागणी असे. रमाबाईंच्या ठिकाणी ही विभागणीच नाहीशी झाली. त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि मूळ संहितांवरून सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे कामही मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले; संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृतच्या बळावर ज्यांनी विद्वत्सभा जिंकली, त्यांनीच अखेरीस त्या भाषेचा भार जाणीवपूर्वक उतरवून ठेवला. ज्ञान कोणासाठी, हे एकदा निश्चित झाले की ते कोणत्या भाषेत, हेही निश्चित होते. रमाबाईंच्या भाषांतराचे मोल या निर्णयात आहे.