पाळीचा कप आणि ८० मिलिलिटरचा हिशेब

आजचा विषय आपल्याकडे अजूनही स्वयंपाकघराच्या दारामागे, हळू आवाजात निघतो. बाई म्हणते, "मला पाळीला फार जातं हो." समोरची विचारते, "फार म्हणजे किती?" आणि बोलणं तिथेच अडतं. दिवसाला किती पॅड लागले, रात्री किती वेळा उठावं लागलं, चादर किती वेळा धुतली, अशीच मापं आपल्याकडे आहेत. डॉक्टरही हेच विचारतात. पण एखादी बाई पॅड अर्धा भरला की बदलते, एखादी पैसे वाचवायला पूर्ण भिजेपर्यंत वापरते. मग आकड्याला अर्थ काय उरला?

हे रक्त नीट मोजायचा प्रयत्न १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये झाला. हॉलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोटेबर्ग शहरातल्या बायकांकडून वापरलेले पॅड आणि टॅम्पॉन गोळा केले. रसायनाने त्यातलं रक्त सोडवून घेतलं आणि रंगावरून त्याचं प्रमाण काढलं. १९६६ साली निष्कर्ष छापून आला. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जात असेल, तर शरीरातलं लोह कमी पडण्याची शक्यता बरीच वाढते. पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत 'अतिरक्तस्राव' म्हणजे ८० मिलिलिटर, हेच समीकरण राहिलं. आकडा मिळाला खरा, पण कोणती बाई महिनाभराचे पॅड प्रयोगशाळेत नेऊन देणार? १९९०मध्ये ब्रिटनमध्ये एक तक्ता निघाला. त्यात कमी, मध्यम आणि पूर्ण भिजलेल्या पॅडची चित्रं असतात, बाईने खुणा करायच्या आणि गुणांची बेरीज करायची. उपयोगी आहे, पण शेवटी तोही अंदाजच.

गंमत अशी की रक्त साठवणारं, म्हणजे मोजता येईल असं भांडं त्याच्या कितीतरी आधी तयार झालं होतं.

१८६०-७०च्या दशकांतच अमेरिकेत योनीमध्ये बसवायच्या छोट्या पिशव्यांची पेटंट घेतली गेली होती. काहींना कमरेच्या पट्ट्याला जोडायची तार किंवा दोरी होती. वाचूनच अंगावर काटा येतो. आज आपण ओळखतो तसा कप मात्र लिओना चाल्मर्स या अमेरिकन नटीचा. तिला त्याचं पेटंट १९३७ साली मिळालं. रबराचा, घंटेच्या आकाराचा, पुन्हा पुन्हा धुऊन वापरायचा. याच दशकात टॅम्पॉनही बाजारात आला होता. म्हणजे शर्यत दोघांनी जवळपास एकत्रच सुरू केली.

मग कप मागे का पडला? पहिलं कारण युद्ध. १९४२ मध्ये मलाया आणि आजूबाजूचा प्रदेश जपानच्या ताब्यात गेला, अमेरिकेला रबर मिळेना, आणि जे होतं ते टायरांकडे वळलं. दुसरं कारण संकोच. कप आत बसवायचा म्हणजे स्वतःच्या शरीराला हात लावायचा, काढून रिकामा करायचा, रक्त डोळ्यांनी बघायचं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी 'टॅसेट' या नावाने कप पुन्हा आला, पण फार काळ टिकला नाही. तिसरं कारण मला सर्वांत खरं वाटतं, ते म्हणजे धंदा. पॅड दर महिन्याला विकत घ्यावा लागतो. कप एकदा घेतला की गिऱ्हाईक काही वर्षं दुकानात फिरकत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'टॅसावे' हा वापरून फेकायचा कप काढला गेला, तोही फार चालला नाही. १९८७मध्ये ओहायो राज्यातून 'द कीपर' हा रबरी कप सुरू झाला आणि तो टिकला. २०००नंतर वैद्यकीय सिलिकोन आलं. रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांची अडचण गेली, उकळून घेणंही सोपं झालं.

आता आपल्याकडचं बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याला आहार, जंत, बाळंतपणं अशी अनेक कारणं आहेत, पण दर महिन्याला वाहून जाणारं रक्त त्या यादीत अनेकदा धरलंच जात नाही. दुसरीकडे, याच सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत गर्भाशय काढलेल्या बायकांना कारण विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींनी पाळीतला अतिरक्तस्राव किंवा वेदना हेच सांगितलं. "पिशवी काढून टाका, कटकट संपेल," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. बीडच्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते आठवत असेल. किती रक्त जातं हे न मोजताच कितीतरी निर्णय झाले असतील.

केरळात वेगळं काही घडलं. २०१८च्या महापुरानंतर, २०१९ मध्ये अलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत 'तिंकळ' नावाच्या योजनेतून बायकांना ५,००० कप मोफत वाटले गेले. पुढाकार होता एचएलएलचा, म्हणजे एकेकाळच्या हिंदुस्थान लेटेक्सचा, 'निरोध' बनवणारी तीच सरकारी कंपनी! नुसते कप वाटले नाहीत, प्रशिक्षणही दिलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबळंगी हे गाव सॅनिटरी पॅडमुक्त म्हणून जाहीर झालं. तिथे मुख्य मुद्दा कचऱ्याचा होता, हे कबूल करायला हवं. जास्त जाणाऱ्या बायकांचा फायदा त्यातून ओघाने झाला.

कारण जास्त जाणाऱ्या बाईला कप वेगळ्या पद्धतीने उपयोगी पडतो. तो शोषत नाही, साठवतो. साधारण आकाराच्या कपात २० ते ३० मिलिलिटर मावतं आणि अनेक कपांवर आतून रेघा असतात. दर वेळी रिकामा करताना रेघ बघायची आणि वहीत लिहायची. सुरुवातीच्या दिवसांत दोन-तीन तासांनीही रिकामा करावा लागेल, त्यात काही चुकलं असं नाही. एक सावधगिरी मात्र हवी. पाळीत जे बाहेर येतं ते सगळं रक्त नसतं, त्यात स्राव आणि अस्तराचे तुकडेही असतात. त्यामुळे कपातले ८० आणि हॉलबर्ग यांचे ८० एकच नव्हेत. तरीही "गेल्या महिन्यात दीडशे, या महिन्यात दोनशे दहा" असं डॉक्टरांना सांगता आलं, तर "फार जातं" यापेक्षा ते केव्हाही बरं. आजकाल डॉक्टर आकड्याच्या जोडीला तुमचं रोजचं जगणं किती अडतंय हेही विचारतात, आणि ते योग्यच आहे.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा छापून आला. सुमारे ३,३०० बायका आणि मुली त्यात होत्या. गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा कमी आढळली. हात बसायला मात्र काही महिने लागतात, हेही त्यात आहे. पहिल्या पाळीत जमलं नाही म्हणून कप कपाटात टाकून देणाऱ्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी.

कप रक्तस्राव थांबवत नाही, हे विसरू नका. फायब्रॉइड असेल, थायरॉइड असेल, रक्त गोठण्याचा काही दोष असेल, तर त्याचा इलाज वेगळा. तांबी बसवलेली असेल तर कप वापरण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा. कप काढताना तळ चिमटून हवा सोडली नाही, तर तांबी सरकू शकते. कप १२ तासांपेक्षा जास्त आत ठेवू नका, पाळी संपली की उकळून, कोरडा करून ठेवा.

पुढच्या भागात उत्सुको ओकामोतो या जपानी डॉक्टरबाईंबद्दल बोलू. नाही, नाव चुकलं, उताको. त्यांनी शोधलेली गोळी आज अंगावरून जास्त जाणाऱ्या बायकांना सर्रास दिली जाते.