कंसांतला हाशिया

'बग' या शब्दाची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क-टू यंत्रातल्या एका रिलेत पतंग सापडला आणि तो तिथल्या नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. गोष्ट खरी आहे. मात्र यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणायची रीत त्याआधीची. एडिसनच्या 1878 च्या पत्रातही हा शब्द येतो. मला पतंगापेक्षा त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रोग्रामच्या पोटात कुठेतरी भलताच आकडा तयार होत असेल, तर तो चिमट्याने उचलून वहीत चिकटवता येत नाही. मग तो बघायचा कसा?

याचं मला पटलेलं उत्तर लिस्प नावाच्या भाषेत आहे. अमरावतीला शिकत होतो तेव्हा आमच्या वाट्याला सी भाषा आली. लिस्पचं नाव कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धड्यात यायचं, तेही 'टीप लिहा' एवढ्यापुरतं. पुढे अकोल्याला ईमॅक्स हा फुकट मिळणारा संपादक हाती आला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये खुला केलेला हा ग्नू ईमॅक्स बराचसा लिस्पमध्येच लिहिलेला आहे. जुन्या, रडतखडत चालणाऱ्या संगणकावरही तो चालतो, आणि माझ्याकडे तसाच संगणक होता.

लिस्पचा जन्म 1958 चा. जॉन मॅकार्थी तेव्हा एमआयटीत होते. 1960 साली त्यांचा निबंध छापून आला. त्यात एका लिस्प प्रोग्रामने दुसऱ्या लिस्प प्रोग्रामचा अर्थ लावायचा नियम मांडलेला होता. मॅकार्थींच्या मते तो कागदावरचा सिद्धान्त होता. स्टीव्ह रसेल या त्यांच्या सहकाऱ्याने तो नियम आयबीएम 704 वर हाताने उतरवला आणि भाषा चालू लागली. या भाषेत सगळं कंसांत लिहितात, क्रियेचं चिन्ह आधी आणि आकडे नंतर. खरी गंमत अशी की कंसातला हिशेब हा प्रोग्रामही असतो आणि एक साधी यादीही असते. म्हणजे यादीवर जे करता येतं ते प्रोग्रामवरही करता येतं.

1962 च्या लिस्प 1.5 च्या मार्गदर्शिकेत 'ट्रेस'ची सोय आहे. एखाद्या फंक्शनवर ट्रेस लावला की ते सुरू होताना त्याच्याकडे काय आलं आणि संपताना त्याने काय दिलं हे छापून मिळतं. पंचकार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट बघण्याच्या दिवसांत ही मोठीच सोय होती. पण फंक्शनच्या आतल्या एखाद्या पायरीवर बोट ठेवायचं असेल तर ट्रेस अपुरा पडतो. फंक्शनला फक्त किंमत मिळते. तुम्ही त्याच्याकडे 'वजन गुणिले दर' पाठवलं तरी त्याच्यापर्यंत 84000 एवढंच पोचतं. ते कशातून आलं हे त्याला कळायला मार्ग नाही.

ऑक्टोबर 1963 मध्ये टिमोथी हार्ट यांनी एमआयटीच्या एका टिपणात लिस्पमध्ये मॅक्रो असावेत असं सुचवलं. मॅक्रोला किंमत मिळत नाही, कंसातला मजकूर जसाच्या तसा मिळतो. तो त्या मजकुरावरून नवा मजकूर रचून देतो, आणि मग तो नवा मजकूर चालतो. तपासणीसाठी याहून सोयीचं काय असेल? मी माझ्या पहिल्या मॅक्रोचं नाव 'तपास' ठेवलं. ईमॅक्सला देवनागरी नावांचं वावडं नाही. कोणत्याही हिशेबाभोवती (तपास (* वजन दर)) असा कंस घातला की आधी मजकूर छापला जातो, त्यापुढे उत्तर, आणि उत्तर पुढच्या पायरीला जसंच्या तसं मिळतं.

आमच्या मामूंच्या कापसाची पट्टी या मॅक्रोतून गेली. 1280 किलो कापूस, क्विंटलला 7000 रुपये दर. एका खरेदीदाराच्या संगणकावरून निघालेल्या पट्टीत 84000 लिहिलं होतं. हमाली-तोलाई कापायच्या आधीच 5600 रुपये कमी. वजन बरोबर, दर बरोबर, आणि 'कॉम्प्युटरनं काढलंय' म्हटल्यावर मामू गप्प. मी तोच हिशेब ईमॅक्समध्ये मांडला आणि प्रत्येक पायरीला 'तपास' लावला. (/ किलो 100) यापुढे 12 छापलं गेलं. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की ईमॅक्सची लिस्प दशांश टाकून देते, सी भाषाही तसंच करते. 80 किलो कापूस त्या भागाकारात नाहीसा होत होता. आकडा पट्टीशी तंतोतंत जुळला. छापील कागद दाखवल्यावर फरक मिळाला. आधीच्या हंगामांच्या पट्ट्या मात्र मामूंनी ठेवलेल्याच नव्हत्या.

असा मॅक्रो लिहिणं चार ओळींचं काम, पण त्यात खड्डे आहेत. मजकूर एकदा छापण्यासाठी आणि एकदा उत्तरासाठी असा दोनदा चालवला, तर फाइलीतली पुढची नोंद वाचणारी ओळ दोन नोंदी वाचून मोकळी होते. तपासायला गेलेलाच हिशेब बिघडवतो. म्हणून उत्तर एकदाच काढून एका नावाखाली ठेवायचं. तिथे दुसरा खड्डा. वेळ मोजणाऱ्या मॅक्रोने आपल्या नोंदीला 'सुरुवात' हे नाव दिलं आणि आतल्या प्रोग्राममध्येही 'सुरुवात' असेल, तर आतल्याला भलतीच किंमत दिसते. यावरचा जुना उपाय म्हणजे जेनसिम, दर वेळी कोरं, कुणीही न वापरलेलं नाव घडवून देणारी सोय. ती लिस्प 1.5 मध्येही होती. पण ती वापरायचं भान लिहिणाऱ्यालाच ठेवावं लागे. ही काळजी भाषेनेच घ्यावी यासाठीची पद्धत कोलबेकर, फ्रीडमन, फेलायसेन आणि ड्यूबा यांनी 1986 मध्ये मांडली.

मला हे सगळं फार परकं वाटलं नाही. मदरशांतल्या जुन्या किताबांत मधोमध मतन, म्हणजे मूळ मजकूर, आणि चहूबाजूंनी हाशिया असतो. भाष्यकार बोलण्याआधी 'कौलुहू' लिहून मूळ शब्द उद्धृत करतो आणि मग आपलं सांगतो. कशाविषयी बोलतोय ते आधी, बोलणं नंतर. आणि मूळ शब्दाला धक्का लावायचा नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला ज्यांनी मानलं त्या महानुभावांनीही सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारलं गेलं हे जपून ठेवलं, कारण प्रसंगाशिवाय सुटं सूत्र हातात येऊन उपयोग नसतो. सुट्या 84000 चं तसंच आहे.

पुढे 1966 मध्ये वॉरन टाइटलमन यांनी आपल्या प्रबंधात 'अ‍ॅडव्हाइस' आणली. मूळ फंक्शनला हात न लावता त्याच्या आधी किंवा नंतर आपलं काम जोडून द्यायची ही युक्ती. ईमॅक्समध्ये ती आजही त्याच नावाने आहे. शिवाय एडीबग आहे, प्रोग्राम एकेक कंस पुढे नेत दाखवणारा. पण मॅक्रो समोर आला की तो थबकतो. त्यातला कोणता भाग चालणारा आणि कोणता नुसता मजकूर हे मॅक्रो लिहिणाऱ्याने आधी सांगून ठेवलं नसेल, तर तो आत शिरत नाही.

इतर भाषांना ही गोडी उशिरा लागली. रस्टमध्ये डीबीजी हा मॅक्रो जानेवारी 2019 मध्ये आला. त्याच वर्षी पायथन 3.8 मध्ये बरोबरचं एक चिन्ह जोडून मजकूर आणि किंमत शेजारी छापायची सोय झाली. हार्ट यांच्या टिपणाला तोवर 55 वर्षं उलटली होती. रस्टचा मॅक्रो फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांकही सांगतो. माझ्या 'तपास'ला ते जमत नाही. ईमॅक्सने मजकूर वाचला की उरते ती यादी, आणि आपण कुठल्या ओळीवर होतो हे त्या यादीला सहसा ठाऊक नसतं. तूर्त मी मॅक्रोला एक खूण हाताने देतो: 'वजन', 'दर', 'तोलाई'. काम भागतं.