येन्को कॅमारो : विक्रेत्याने घडवलेली गाडी आणि तिची वंशावळ

मध्यम वा लहान आकाराच्या अमेरिकी मोटारीत मोठे व्ही-८ इंजिन बसवले की तिला ‘मसल कार’ म्हणतात. या जातीतही एक दुर्मीळ पोटजात आहे, ती म्हणजे कारखान्याऐवजी विक्रेत्याने वाढीव शक्तीची करून विकलेली गाडी. डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनसारख्या उपनगरात अशी गाडी कधी विक्रीस आली, तर ती किती वेगाने धावते हे मागाहून विचारावे. आधी तिची वंशावळ पाहावी.

या गाड्या जन्मल्या त्या एका नियमामुळे. साठच्या दशकात जनरल मोटर्सने कॉर्व्हेट वगळता आपल्या मध्यम व लहान गाड्यांत ४०० घनइंचांहून (सुमारे ६.६ लिटर) मोठे इंजिन बसवण्यास मनाई केली होती. ग्राहकांना मात्र तेच हवे होते. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्गचे शेव्हरोले विक्रेते आणि स्वतः शर्यतपटू असलेले डॉन येन्को यांनी १९६७ मध्ये कॅमारोचे मूळ इंजिन उतरवून तेथे ४२७ घनइंचांचे, म्हणजे ७ लिटरचे, इंजिन चढवले. शिकागोत निकी शेव्हरोले व ‘मिस्टर नॉर्म’ यांची डॉज पेढी, लाँग आयलंडवर बाल्डविन-मोशन आणि मिशिगनमध्ये रॉयल पॉन्टिअॅक हेही याच वाटेचे प्रवासी होते.

१९६९ साली येन्को यांनी अधिक चतुर मार्ग धरला. पोलीस वा टॅक्सीसाठी विशेष गाड्या मागवण्याची ‘कोपो’ नावाची कार्यालयीन पद्धत शेव्हरोलेत होती. तिच्या ९५६१ क्रमांकाच्या आदेशाखाली ४२५ अश्वशक्तीचे ‘एल-७२’ इंजिन थेट कारखान्यातच बसू लागले. येन्को यांच्याकडे पट्टे आणि ‘एसवायसी’ ही चिन्हे लागत. त्या वर्षीच्या येन्को कॅमारो सुमारे २०० मानल्या जातात. ९५६० क्रमांकाच्या आदेशाने निघालेल्या अॅल्युमिनियम इंजिनाच्या ‘झेडएल-१’ कॅमारो तर अवघ्या ६९.

खरेदीदाराची गोची येथेच होते. पट्टे आणि चिन्हे आज कोणालाही विकत मिळतात. १९६९ च्या कॅमारोचा गाडीक्रमांक इंजिन सहा सिलिंडरांचे की व्ही-८, एवढेच सांगतो. व्ही-८ कोणते, ते सांगत नाही. त्यामुळे साधी कॅमारो रंगवून येन्को म्हणून खपवणे फार अवघड नाही. शोध घ्यायचा तो इंजिनाच्या पुढील सपाट भागावर ठोकलेल्या अंकांचा. तेथे हस्तचालित गिअरसाठी ‘एमएन’ वा स्वयंचलितसाठी ‘एमओ’ हा संकेत हवा आणि त्याच गाडीच्या क्रमांकाचा अंशही हवा. हेही खोटे ठोकता येतात, म्हणून त्या काळची विक्रीपावती व मालकीची साखळी लागते. १९६७ च्या गाडीला मात्र ही कसोटी लावू नये; तिचे इंजिन मुळातच बाहेरून आलेले असल्याने तिची सगळी भिस्त कागदांवर असते.

आयर्लंडमध्ये या प्रश्नाला करांचेही अंग आहे. तीस वर्षांहून जुन्या मोटारीस नोंदणीकर सरसकट २०० युरो आणि वार्षिक रस्ताकर ५६ युरो पडतो. २००८ पूर्वीच्या सामान्य मोटारींच्या दराने ७ लिटरच्या इंजिनावर तोच १,८०९ युरो झाला असता! नोंदणीपूर्व तपासणी एनसीटी यंत्रणेमार्फत होते. क्लोनडॉकिनच्या फॉन्टहिल भागात तिचे एक केंद्र आहे. हव्या असल्यास ‘झेडव्ही’ अक्षरांची पाटीही मिळते.

अमेरिकेतून आणताना गाडी ऐतिहासिक वस्तू म्हणून मान्य झाली, तर आयातशुल्क लागत नाही आणि व्हॅट २३ ऐवजी १३.५ टक्के पडतो. त्यासाठीची युरोपीय अट मौजेची आहे. गाडी मूळ अवस्थेत असावी. इंजिन, गिअर, सांगाडा यांत मोठा बदल नसावा. जिचे मोलच बदलात आहे, अशा १९६७ च्या येन्कोचे ‘मूळ’ कोणते धरायचे? बदल पहिल्या विक्रीपूर्वीच झाला होता, हे दाखवणारा कागद म्हणूनच सीमाशुल्क खात्यापुढेही कामी येतो. १९६९ च्या गाडीला ही अडचण नाही, कारण तिचे इंजिन कारखान्याचेच.

इंजिनावरील अंक स्वतः वाकून पाहू देण्यास विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर गाडी घ्यायचीच असल्यास साध्या कॅमारोच्या भावाने घ्यावी.