क्रमांक देणें आणि परत घेणें

श्रोतेहो, चामटोलीस पत्र धाडावयाचें तर गांवाचें व तालुक्याचें नांव लिहून भागत नाहीं. खालीं सहा आंकडे घालावे लागतात. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजीं सुरू झाली. ती आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्याचे अधिकारी, तसेच संस्कृत कवि होते. पहिले तीन आंकडे वर्गवारीचा जिल्हा सांगतात, उरलेले तीन वांटपाची कचेरी. समजा, एखादी कचेरी बंद झाली आणि तिचा क्रमांक त्याच दिवशीं दुसरीस दिला, तर वाटेंत असलेलीं पत्रें परक्या दारीं पडतील. म्हणजे क्रमांक देण्यापेक्षां तो परत घेणें अवघड.

गणकयंत्राच्या इतिहासांत हाच धडा पुन्हां गिरवावा लागला. यंत्रांत एकाच वेळीं अनेक कार्यक्रम चालतात आणि प्रत्येकाचा स्मृतीचा संसार निराळा असतो. कोणता पत्ता कोणाच्या संसारांतला, हें ओळखण्यासाठीं प्रत्येकास क्रमांक लागतो. 1980 नंतरच्या दशकांत मिप्सच्या पहिल्या प्रोसेसरांत असे 64 क्रमांक होते, व ते प्रोसेसरापुरतेच. 2011 मध्यें पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत जोडउपकरणांसाठींहि वीस बिटांचा क्रमांक आला. त्यांत 10,48,576 क्रमांक मावतात. उपकरणाला कार्यक्रमाची स्मृति थेट वाचण्याची व लिहिण्याची वाट मिळाली. येथें क्रमांक चुकला तर एकाची गुप्त माहिती दुसऱ्याच्या हातीं!

लिनक्सच्या कर्नेलनें, म्हणजे यंत्राचा कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीनें, जानेवारी 2020 च्या 5.5 आवृत्तींत क्रमांकवांटपाचें एक सामाईक खातें उघडलें. उपकरणाचा उपयोग संपतांच क्रमांक परत घ्यावा, असा प्रारंभीं बेत होता. परंतु एका कार्यक्रमाच्या अनेक धाग्यांपाशीं त्या क्रमांकाच्या नकला असत. त्या साऱ्या गोळा करणें जिकिरीचें ठरलें. म्हणून 2022 च्या 5.18 आवृत्तींत साधा नियम झाला: दिलेला क्रमांक कार्यक्रमाचा स्मृतिसंसार मोडेपर्यंत त्याच्याकडेच राहील. फेब्रुवारी 2023 च्या 6.2 आवृत्तींत आयओएमएमयूएफडी हा नवा दरवाजा आला. तेथें मागणाऱ्याच्या हातीं पडतो तो उघडलेल्या फाइलीपुरताच चालणारा क्रमांक. फाइल मिटली कीं त्याचा हक्कहि मिटतो. त्याच वर्षीं 6.4 आवृत्तींत 2020 चें सामाईक खातें काढून अधिक साधी व्यवस्था ठेवण्यांत आली.

क्रमांक विपुल होते, श्रोतेहो. उणीव होती ती एकाच गोष्टीची: हा क्रमांक आतां खरोखर मोकळा आहे, असें खात्रीनें कोणी सांगावें? ज्यानें तो दिला त्यानेंच, आणि वाटेंतलें शेवटचें पत्र पोंचल्यावरच.